खाडीपलीकडचा घास

९ जून

धाकटे,

तुझा निरोप पोचला. जहाजाच्या एजंटाच्या माणसानं तो शेडच्या दारात उभं राहून, शिंपल्या सोडवत बसलेल्या आम्हा सगळ्या बायकांच्या देखत वाचला. त्यामुळे ऑगस्ट संपताना तुझा मासळीच्या जहाजावरचा करार पुरा होतो, तू बंदराला उतरतेस, तिथल्या पॅकिंगच्या कारखान्यात तुला जमिनीवरचं काम मिळतंय, खोलीही बघून ठेवली आहेस आणि भिंगरीला न्यायला येते आहेस, हे माझ्याबरोबरच सगळ्या वस्तीला कळलं. मला आधी विचारावं असं तुला वाटलं नाही. विचारायचं कारणही नाही म्हणा. पोर तुझी. मी तिच्या बापाच्या थोरल्या भावाची बायको, नात्यानं तिची मोठी आई, आणि कामानं गेलं वर्षभर तिची आंघोळ, वेणी, ताप आणि हट्ट निस्तरणारी.

आपण दोघी बोलत नाही हे माझ्या लक्षात आहे. तरी लिहायला बसले, कारण निरोपाला निरोप धाडला तर तोही तो माणूस जहाजावर चारचौघींत वाचून दाखवील. त्याला वाचता येतं याचा त्याला फार अभिमान आहे.

भाऊजी गेले तेव्हा तू डोळे पुसत कोपऱ्यात बसली नाहीस, माझ्या शेजारी सुरी घेऊन शेडमध्ये उभी राहिलीस, याचं मला कौतुकच होतं. मग नव्या धक्क्यासाठी दगड टाकून समोरचा शिंपल्यांचा खडक बुजवला, शेडला माल कमी पडायला लागला, निम्म्या बायका घरी बसवल्या, आणि शेवटी लागलेली म्हणून तुझं काम आधी गेलं. तेही तुझ्या हातात नव्हतं. पण पोरीला झोपेत ठेवून पहाटेच्या बोटीनं निघून जाणं तुझ्या हातात होतं. ती उठली तेव्हा तिच्यापुढे मी उभी होते. तिचं तोंड कसं झालं ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. म्हणून तोंड वर करून सांगते आहे, तिला नेऊ नकोस. निदान यंदा तरी नको. आत्ता कुठे ती रुळली आहे. तू दिवसभर कारखान्यात, ती परक्या शहरात एका खोलीत, दाराला बाहेरून कुलूप. हेच ना?

शिवाय तिला आता इथे काम आहे. ऐक. गेल्या रविवारी आम्ही दोघी गोट्यांच्या पट्ट्यावर शेवाळ वेचायला गेलो होतो. तिथे तिला कालवफोड्या पाखराचं पिल्लू सापडलं. राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं, गोट्यांत गोटा होऊन बसलेलं. पाय पडता पडता राहिला. आजूबाजूला ना आई ना बाप. तू आतल्या गावची, तुला वाटेल पिल्लू एकटं असलं तर त्यात काय मोठं. किनाऱ्यावरच्या बाकी पाखरांची पिल्लं अंड्यातून निघाली की आपापलं टिपून खायला लागतात. हे एकटेच लाडोबा. शिंपला घट्ट मिटलेला, पिल्लाची चोच मऊ, म्हणून आई-बाप त्यांना चालवत पाण्यापाशी नेतात, शिंपला फोडतात आणि आतला घास काढून त्यांच्या पुढ्यात धरतात. उडायला लागली तरी ही कार्टी आयतं मागत मागं मागं फिरतात. माझा जन्म या किनाऱ्यावर गेला, पण कालवफोड्याचं पिल्लू आई-बापापासून हाकेच्या पलीकडे मी कधी पाहिलं नाही. म्हणजे हे पोरकं झालेलं, हे मला तिथंच कळलं. तरी आम्ही बरोबर आणलेलं खाऊन होईपर्यंत थांबलो. कोणी आलं नाही. मग मी त्याला पदरात घेतलं. घरापाशी आलो तेव्हा दोन मोठी पाखरं डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडत होती, पण त्यांना ओरडायला निमित्त लागतच नाही.

भिंगरीनं त्याचं नाव खडा ठेवलंय. हे पत्र मी तिला कळू न देता लिहिते आहे, नाहीतर उगाच हुरळायची.

थोरली

२४ जून

धाकटे,

उत्तर नाही. सामानाची बोट तुमच्या जहाजाला गाठते केव्हा आणि परत येते केव्हा, ते मला माहीत आहे, म्हणून आत्ताच रागावत नाही.

खडा जगला. पहिल्या दिवशी त्यानं काही घेतलं नाही. भिंगरीनं दुधात बोट बुडवून पुढे केलं, त्यानं डोळे मिटले. मग मला सुचलं. शिंपलीचं मांस बारीक कापून ते चिमट्यात धरलं आणि चिमट्याला आमच्या ह्यांच्या जुन्या बनियनीची लाल चिंधी बांधली, कारण ह्या पाखरांची चोच लालभडक असते. लाल दिसताच त्यानं मान उंच केली आणि घास ओढून घेतला. भिंगरी जोरात हसली. तू गेल्यापासून ती अशी हसलेली मी ऐकली नव्हती.

खोटं कशाला बोलू, तू गेल्यावर ती जेवत नव्हती. घास गालात धरून बसायची आणि मी पाठ वळवली की थुंकायची. मी गोडीनं सांगून पाहिलं, दटावून पाहिलं, शेवटी हात टेकले. हे तुला कळवलं नाही, कळवून तरी तू समुद्रात काय करणार होतीस? आता खड्याला एक घास दिला की एक घास ती खाते. तिनं स्वतःच तसं ठरवलंय. गाल भरले आहेत तिचे. ओळखायची नाहीस.

शेडमध्ये ती माझ्या पायाशी बसते आणि मी शिंपली कशी उघडते ते खड्याला दाखवते. परवा मुकादम म्हणाला, "पाखराला पण कामाला लावलंत का?" मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा लवकर शिकेल." मला तुझी आठवण झाली, चांगल्या अर्थानं. तू सुरीच्या मुठीनं शिंपलीची कड फोडायचीस आणि मुकादम माल खराब झाला म्हणून ओरडायचा. मी फट शोधून पातं आत सरकवते आणि जो स्नायू शिंपली मिटून धरतो तो कापते. ह्या पाखरांतही अशीच दोन घराणी असतात. काही ठोकून फोडतात, त्यांची चोच पुढून बोथट झालेली असते. काही पाण्याखाली शिंपली जरा उघडी राहिली की नेम धरून चोच घुसवतात, त्यांची टोकदार राहते. आई-बाप जसं करतात तसंच पिल्लू करतं. आता खड्याला आई आणि बाप दोन्ही मीच, तेव्हा तो सुरी मागेल असं हे म्हणतात.

हे धक्क्याच्या कामावर राखणदार म्हणून लागले आहेत. खडक बुजवणाऱ्या दगडांवर आपलं घर चालतंय, असं मी एकदा म्हटलं तर म्हणाले, "दगड मी टाकले नाहीत, मी नुसता राखतो." माणूस भांडायलाच मिळत नाही.

भिंगरी मला मोठी आई म्हणते. घाईत असली की नुसतंच आई. परवा मागच्या दारातून तशी हाक आली. मी ओ दिली. कोणीतरी द्यायलाच हवी होती.

थोरली

१५ जुलै

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. दोनच ओळी. "ती माझी आठवण काढते का? खरं काय ते कळव, मग मी ठरवते."

खरं विचारलंस म्हणून सांगते. नाही काढत.

राग मानू नकोस. पोरं अशीच असतात, समोर असेल त्याची होतात. सकाळी उठली की खडा, शाळेतून आली की खडा. बोटीचा भोंगा झाला की धावत किनाऱ्याच्या कठड्यापाशी जाते, पण ती बोट बघायला. बोटी कुठल्या पोराला आवडत नाहीत? परवा ह्यांना विचारत होती, जहाजाला खिडक्या असतात का, आणि खिडकीतून किनारा किती लांबून दिसतो. हे बसले सांगत. सामान्य ज्ञान वाढतंय. शाळेतल्या बाईंनी घरचं चित्र काढायला सांगितलं तर तिनं मी, हे, खडा असे तिघं काढले. कागदाच्या कडेला निळा रंग फासला होता आणि त्यात एक ठिपका. बाई म्हणाल्या, डाग पडलाय. मुलांच्या हातून डाग पडतातच.

तेव्हा तू मन घट्ट कर. तुझं तिथे चांगलं चाललं असेल तर चालू दे. इथली काळजी नको.

खड्याचं सांगायचं तर तो उडायला लागला. अंगावरची लव गेली, काळी पिसं आली, चोच लांब झाली, टोकाशी अजून काळपट आहे. दिवसभर बाहेर असतो. भरतीला पाणी वर आलं की बाकीची पाखरं धक्क्याच्या दगडांवर एका पायावर उभी राहून डुलक्या काढतात, तेव्हा तो त्यांच्यात मिसळतो. लांबून बघणाऱ्याला वेगळा ओळखू येणार नाही. ओहोटी लागली की सगळी खाडीपलीकडच्या चिखलावर खायला जातात. हा थोडा वेळ जातो आणि शेडच्या दारात येऊन उभा राहतो.

काल मी आणि भिंगरी मुद्दाम बघायला गेलो. होडीवाल्यानं पलीकडे सोडलं. खडा एका मोठ्या पाखराजवळ उभा होता. ते पाखरू शिंपली ओढून घट्ट वाळूवर आणी, उलटी करी, आणि जिथे कवच पातळ तिथे घाव घाली. चार घावांत काम. खड्यानं जवळ जाऊन मान खाली घातली, तर त्याला टोचून हाकललं. मग त्यानं एक मिटलेली शिंपली शोधली. तिच्यासमोर उभा राहिला. चोचीनं हलवली, पुन्हा ठेवली. आणि वाट बघत बसला, कोणीतरी येऊन ती उघडेल म्हणून. भिंगरीनं दगड घेतला आणि त्याच्यासमोर ती शिंपली ठेचली, "असं, असं" म्हणत. त्यानं मांस खाल्लं आणि तिच्या हाताकडे बघायला लागला.

 

थोरली

४ ऑगस्ट

धाकटे,

दर वर्षी गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरं मोजायला येते ती बाई या आठवड्यात आली होती. बोलायला साधी आहे, आपल्या ओट्यावर बसून चहा घेते. शेडच्या दारात खडा उभा दिसला तशी थांबली.

"हा कुणी वाढवला?"

"आम्ही," भिंगरी ऐटीत म्हणाली. "तो पोरका होता."

मी सगळं सांगितलं. गोट्यांचा पट्टा, पिल्लू एकटं, वाट बघितली, कोणी आलं नाही. बाईनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "पोरका नसेल हो. पूर्वी तुमचं बरोबर होतं. समोरच खडक होता, घरट्यापासून चार पावलांवर खाणं, ती पिल्लांना बरोबर घेऊन फिरायची. आता खडक बुजला. घरटं अजून इथंच करतात, जागा सोडवत नाही त्यांना. पण खायला इथे काही नाही. पिल्लाला खाडी ओलांडून नेता येत नाही. मग त्याला गोट्यांत गप्प बसवतात आणि दोघंही पलीकडच्या चिखलावर जातात. एक शिंपली फोडायची, एक घास चोचीत धरायचा, उडत यायचं, भरवायचं, पुन्हा जायचं. दिवसभर हेच. मध्ये वेळ जातो."

"म्हणजे ते टाकून गेले नव्हते," मी म्हटलं.

"टाकून कशाला जातील? खायला आणायला गेले होते."

मी विचारलं, आता परत नेऊन ठेवलं तर? ती म्हणाली, पहिल्या दोन-चार दिवसांत ठेवलं असतं तर घेतलं असतं त्यांनी, विनातक्रार. आता ती जोडी पट्टा सोडून गेली. आणि शिंपली फोडायला शिकवणं हे माणसाच्या हातचं नाही, ते पाखरू महिनोन् महिने आई-बापाच्या मागे राहून शिकतं. हा मऊ किडे वगैरे टिपून जगला तर जगेल. थंडीत चिखल गार पडला की तेही खोल जातात. तिनं काही लपवलं नाही, दोषही दिला नाही. दोष दिला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मला ती दोन पाखरं आठवली. घरापर्यंत डोक्यावरून ओरडत आलेली. त्यानंतरही दोन-तीन दिवस पट्ट्यावर येऊन तसंच ओरडत होती आणि मी खिडकी लावून घेतली होती, पिल्लू घाबरतं म्हणून. धाकटे, मी अडाणी असते तर पिल्लू जागच्या जागी सोडून आले असते. मला माहिती होती म्हणून उचललं. माहिती खडक होता तेव्हाची होती, खडक गेला आणि माझ्या डोक्यात तीच राहिली.

बाई गेल्यावर भिंगरी आत येऊन म्हणाली, "मोठ्याई, ती घास घेऊन आली असेल ना?"

"आली असेल."

"आणि हा तिथे नव्हता."

"नव्हता."

"मग आणलेला घास तिनं कुठे ठेवला असेल?"

माझ्या हातात भांडं होतं ते मी नुसतंच घासत राहिले.  

या पत्रात आणखी एक लिहायचं होतं. मागच्या पत्रातलं थोडं. पण बोट सुटायची वेळ झाली आणि एजंटाचा माणूस दारात खोळंबलाय. पुढच्या खेपेला लिहीन.

थोरली

३० ऑगस्ट

धाकटे,

आज एजंटाच्या माणसानं तुझा निरोप वाचला. शेडमध्येच, त्याच अभिमानानं. "पोर तिथं सुखात असेल तर राहू दे. मी पुन्हा सही केली आहे. जहाज दक्षिणेकडे जातं, दोन वर्षांनी येईन. ताईंना म्हणावं, तुमचंच बरोबर होतं."

बायका माझ्याकडे बघून हसल्या, चांगल्या मनानं. एक म्हणाली, "सुटलीस बाई, पोर राहिली तुला." मी सुरी खाली ठेवली आणि मागे नळापाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. जे मागितलं ते मिळालं होतं.

आता ऐक. मी तुला खोटं लिहिलं. ती तुझी आठवण काढते. कठड्यापाशी ती बोट बघायला जात नाही. प्रत्येक बोटीतून शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभी राहते आणि मग आल्यावर मला सांगते, "बोट रिकामी होती." बोट माणसांनी भरलेली असते, तरी तिच्या लेखी रिकामीच. चित्राच्या कडेचा तो डाग म्हणजे तुझं जहाज. मला तेव्हाच कळलं होतं, शाळेतल्या बाईंना कळलं नाही म्हणून मला बरं वाटलं. ती तुझ्याबद्दल माझ्याकडे विचारत नाही ते खरं आहे, पण का विचारत नाही हे मी तुला सांगितलं नाही. एकदा तिनं विचारलं होतं, आई कधी येणार, तेव्हा माझं तोंड उतरलेलं तिनं पाहिलं. तेव्हापासून ती मला सांभाळून घेते. सहा वर्षांची पोर मला सांभाळून घेते आणि मी मोठ्या तोंडानं तुला लिहीत होते की तिला मीच पुरे.

तू टाकून गेलीस असं मी वर्षभर मनाशी घोकत होते. ते खरं मानलं की ती माझी व्हायला मोकळी होती. मला मूल हवं होतं, धाकटे. हे तुला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे, आपण कधी त्याबद्दल बोललो नाही एवढंच.

मी संध्याकाळी ह्यांना सांगितलं, काय लिहिलं होतं ते. म्हणाले, "तू लिहिलंस ते मी वाचलं नव्हतं, पण पोर कठड्यापाशी का जाते ते मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुलाही माहीतच होतं की."

सही मोडता येते का? आजारी आहे म्हण, मी आजारी आहे म्हण, मेले म्हणालीस तरी चालेल, मी महिनाभर घराबाहेर दिसणार नाही. तू ये आणि तिला घेऊन जा. खोलीला कुलूप लावावं लागलं तरी चालेल. मी वाटेल तर येईन, जिन्यात बसेन, तिच्या शाळेची वेळ सांभाळेन. नको म्हणालीस तर येणार नाही.

हे पत्र घेऊन मी आजच एजंटाच्या कचेरीत गेले. टेबलापलीकडचा कारकून भला वाटला. त्यानं नकाशा काढला. बोट आता जहाजाला गाठणार नाही म्हणाला, जहाजानं काल नांगर उचलला. पुढच्या बंदराला लागेल तेव्हा टपाल मिळेल. ते केव्हा, असं विचारलं तर म्हणाला, मासळी कुठे लागते त्यावर आहे. मी म्हटलं, तार, फोन, काही? कप्तानाला घरात मरण असेल तरच कळवतात, आणि तेही कागद दाखवून. मी तिथंच उभी राहिले. मागे रांग होती, त्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं, तेही नीटच. तरी पत्र ठेवून आले.

खडा आठवड्यापासून आलेला नाही. भरतीला दगडांवरची पाखरं मी रोज बघते. सगळी एका पायावर उभी, सगळी सारखी. भिंगरी शेडच्या दारात एक शिंपली उघडून ठेवते आणि संध्याकाळी मुंग्या लागल्या की टाकून देते.

थोरली

२१ सप्टेंबर

धाकटे,

जहाज अजून कुठल्याच बंदराला लागलेलं नाही. कारकून मला बघितलं की आता मीच काही विचारायच्या आधी मान हलवतो. मागचं पत्र तिथंच थैलीत आहे. हेही त्याच थैलीत जाईल.

तुझं पार्सल काल पोचलं. निघायच्या आधी बंदरावरून धाडलेलं दिसतंय. चिठ्ठी शोधली, नव्हती. नुसते फ्रॉक. वरचा पिवळा, भिंगरीला आत्ता अगदी बरोबर बसेल असा. त्याखाली निळा, चार बोटं मोठा. त्याखाली आणखी मोठा, त्याखाली आणखी. तळाचा तर माझ्या धाकट्या बहिणीला यावा असा, कॉलरचा, मोठ्या मुलीचा. मी एकेक उलगडत गेले तशी मला तू दुकानात उभी दिसायला लागलीस. समोर पोर नाही, माप नाही, हातानं हवेत उंची धरून दुकानदाराला सांगते आहेस, एवढी असेल, मग एवढी होईल. दोन वर्षं म्हणालीस आणि कपडे घेतलेस त्याहून कितीतरी पुढचे. तुझा स्वतःच्या शब्दावर विश्वास नव्हता की माझ्या, कोण जाणे.

भिंगरीनं ते पलंगावर ओळीनं मांडले. 

"एवढे कशाला?" तिनं विचारलं.

"तू मोठी होशील तसे घालायला."

"हे सगळे घालून झाल्यावर आई येईल?"

मी हो म्हटलं. धाकटे, मी दुसरं काय सांगणार होते? नाही म्हणायला मला काही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायला खरं काय तेही माहीत नव्हतं. हो म्हटलं आणि शेडला गेले.

दुपारी परत आले तर ती दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. सगळे फ्रॉक अंगात. पिवळा आतून, त्यावर निळा, त्यावर बाकीचे, आणि सगळ्यात वर तो कॉलरचा, पायांवरून जमिनीवर लोळत होता. इतक्या कपड्यांनी तिचे हात खाली येत नव्हते, बाजूला तसेच ताठ राहिले होते. केस घामानं कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल. कधीपासून अशी बसली होती कोणास ठाऊक.

मी म्हटलं, "अगं, काय हे?"

"सगळे घालून झाले," ती म्हणाली. "आता तिला सांग."

म्हणून सांगते आहे.

थोरली